गर्दीस मिळणे

एका श्रावणात अंगारकीचा योग आला, तेव्हा नाशिकचे माझे थोरले मावसभाऊ वाघोलीस आमच्याकडे मुक्कामाला होते. पहाटे उठून आम्ही उभयता रांजणगावच्या महागणपतीच्या दर्शनास गेलो. तेथे साडेतीन तास रांगेत उभे राहावे लागले. पुढच्याच्या पाठीला आपली छाती आणि आपल्या पाठीला मागच्याची छाती, वर तापलेला पत्र्याचा मांडव, खाली पावसाने चिखललेल्या चटया, आणि कोणाच्या तरी कडेवरच्या पोराने दादांच्या खांद्याला पेढ्याचे हात पुसलेले, अशा अवस्थेतही दादा इतके प्रसन्न होते की पुढच्या परभणीकर गृहस्थांशी त्यांनी कापसाच्या भावापासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सर्व विषयांवर साद्यंत संभाषण केले. परतताना वाघोलीच्या केसनंद फाट्याशी आमची गाडी पाऊण तास खोळंबली. गाडीत आम्ही दोघेच होतो, काचा वर केलेल्या होत्या, अंगाला कोणाचे अंग लागत नव्हते, आणि तरीही दादांच्या कपाळाची शीर उडू लागली. "अरे, काय ही गर्दी! माणसं राहतात कशी इथं?" असे ते तीनदा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा म्हणताना माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू ती सर्व वाहने मीच दावणीला बांधून ठेवली होती.

रांजणगावी चौरस हातात जितकी माणसे होती त्यांच्या दशांशही फाट्यावर नव्हती, हे दादांस सांगून उपयोग नव्हता. परंतु त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. पाहुणा गर्दी कशाला म्हणतो, केव्हापासून म्हणू लागला, आणि ज्या गावात तो ती पाहतो त्या गावाच्या इतिहासाशी त्याच्या या म्हणण्याचा काय संबंध असतो, याचा शोध घेऊ लागलो. वाघोली हे काही पर्यटनाचे स्थळ नव्हे, परंतु ज्यांना कोठे तरी पोहोचावयाचे असते त्यांच्या वाटेवरचे ते गाव आहे, आणि पाहुण्यांच्या मनाची परीक्षा मुक्कामापेक्षा वाटेवरच अधिक होते.

प्रथम शब्दाचीच चौकशी केलेली बरी. आज आपण ज्या निरुपद्रवी अर्थाने 'गर्दी' हा शब्द वापरतो त्या अर्थाने तो आपल्याकडे आलेला नाही. फारसीच्या संगतीने मराठी दप्तरांत व बखरींत शिरलेला हा शब्द दोन-अडीचशे वर्षांपूर्वी दंगा, लुटालूट, कत्तल आणि सत्यानाश यांच्या पंक्तीला बसत असे. एखादा सरदार रणांगणी पडला, त्याची फौज उधळली गेली, म्हणजे त्यास 'गर्दीस मिळविले' एवढे लिहून बखरकार पुढच्या प्रकरणाकडे वळे. पानिपतच्या मोहिमेतल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाशी जो हलकल्लोळ जोडला गेला ती भाऊगर्दी. ज्या शब्दामागे १७६१ च्या संक्रांतीचे सगळे सुतक उभे आहे तो शब्द आज आपण लग्नाच्या पंगतीत जिलबीच्या ताटाभोवती जमलेल्या मंडळीस बेलाशक लावतो, हा भाषेचा निर्दयपणा म्हणावा की शहाणपणा, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही. (१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांवर हत्यार उचलणारे गारदी मात्र या कुळातले नव्हेत, ते पहाऱ्याच्या 'गारद' शब्दाचे वंशज. कानाला मात्र ते गर्दीचे सख्खे भाऊ वाटतात, आणि त्यांच्या करणीकडे पाहता तसे वाटण्यास हरकतही नाही.)

मग शांतपणे, सणासुदीला, देवाच्या किंवा बाजाराच्या निमित्ताने जमलेल्या लोकांस काय म्हणत? त्यास दाटी म्हणत, मेळा म्हणत, झुंबड म्हणत. आणि गावालाच विशेषण लावावयाचे झाल्यास ते 'नांदते' किंवा 'गजबजलेले' आहे असे म्हणत, आणि ही विशेषणे स्तुतीची होती. ओसाड, उजाड, बेचिराग या शब्दांची ज्या मुलखाने वारंवार प्रचीती घेतली आहे, दुष्काळ व फौजा यांच्या पाळीपाळीने ज्याची गावे रिकामी होत गेली, त्या मुलखात माणसांची दाटी ही तक्रारीची बाब कशी असणार? शेजारच्या हिंदीत भीड म्हणजे गर्दी, मराठीत भीड म्हणजे संकोच; चार माणसांत माणूस कसे वागतो याविषयीचे आपले मत त्या एका शब्दात आले आहे असे मला कधी कधी वाटते.

पुणे शहराची घडणच मुळी गर्दी जमविण्याच्या खटाटोपातून झाली. पेठ वसवावयाची म्हणजे सरकारातून कौल द्यावयाचा, येऊन राहणाऱ्या वाणी-उदम्यांस काही वर्षे करांची सूट द्यावयाची, शेटे-महाजनांस वतने बांधून द्यावयाची, आणि इतके करून लोक येतात की नाहीत याकडे डोळे लावून बसावयाचे, हा त्या काळचा शिरस्ता होता. शहराच्या ईशान्येस, नगरच्या वाटेवर असलेल्या वाघोलीचे महत्त्व याच काळात वाढले. शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत ज्यांनी नाव काढले ते पिलाजीराव जाधवराव या गावचे. थोरल्या बाजीरावांच्या धामधुमीत ज्या सरदारांचा भरवसा धरला जाई त्यांत ते अग्रभागी होते, आणि त्यांची समाधी आजही वाघोलीस आहे. दिवे घाट चढून गेल्यावर सासवडच्या वाटेवर त्यांची जी गढी लागते तिचे आता हॉटेल झाले आहे. परक्या माणसांस बाहेर ठेवण्यासाठी बांधलेल्या तटाच्या आत, पैसे मोजून आलेल्या परक्या माणसांस एकांत विकला जातो. पिलाजीरावांस हे कळते तर त्यांनी यास नफ्याचा व्यवहार म्हटले असते की नुकसानीचा, कोण जाणे.

त्या काळी पुण्यास येणाऱ्या पाहुण्यांचा सर्वांत मोठा लोंढा श्रावणात येत असे, आणि तो दक्षिणेसाठी येई. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावास सुरू केलेला श्रावणमास दक्षिणेचा प्रघात पुढे पेशव्यांनी उचलला, आणि दूरदूरच्या प्रांतांतून वैदिक, शास्त्री आणि ज्यांचा वेदाशी संबंध यज्ञोपवीतापुरताच होता असेही पुष्कळ लोक, पायी मजला मारीत पुण्याच्या दिशेने निघू लागले. नगरच्या बाजूने येणाऱ्यांस शहर दिसण्यापूर्वीची शेवटची ठाणी म्हणजे लोणीकंद आणि वाघोली. या समुदायाचे करावयाचे काय, या प्रश्नास पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी जे उत्तर शोधले ते मला अद्यापही विलक्षण वाटते. विद्वानांची परीक्षा होऊन त्यांस योग्यतेप्रमाणे स्वतंत्र संभावना मिळे. बाकीच्या सर्वांस पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाच्या भिंतींनी बंदिस्त केलेल्या मोठ्या आवारात आधी आत घेत, आणि मग दारांशी बसलेले कारभारी एकेकास बाहेर सोडताना त्याच्या हातावर दक्षिणा ठेवीत. आत जाताना दिली असती तर तोच हात दुसऱ्या दाराने पुन्हा पुढे आला असता. रमण्यात तासन् तास बसून राहिलेल्या त्या हजारो माणसांस दाटी जाचली नसेल असे नव्हे, परंतु ती दाटी हाच दात्याच्या ऐश्वर्याचा आणि आपल्या येण्याच्या सार्थकतेचा पुरावा होता. जेथे कोणी आलेले नाही तेथे दक्षिणाही नसते, हे गणित भिक्षुकास पक्के ठाऊक होते. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी १८५७ च्या सुमारास घर सोडले तेही याच हिशेबाने. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे अपार समुदाय जमणार, म्हणजे अपार दानधर्म होणार, एवढी वार्ता त्या ऋणको गृहस्थास पुरेशी झाली. यज्ञाऐवजी त्यांच्या वाट्यास जे आले ते जुन्या अर्थाची गर्दी होती, आणि 'माझा प्रवास' या नावाने ते मराठी वाङ्मयात राहिले.

दोन्ही अर्थांची गाठ पुण्याने एकदा फार जवळून पाहिली. १८०२ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत, हडपसरच्या माळावर यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा मोड केला, दुसरे बाजीराव पळाले, आणि जे शहर लोक जमविण्यासाठी पाऊणशे वर्षे खपले होते ते लोक गमावू लागले. नंतरच्या दोन वर्षांत अवर्षणाची भर पडली. पेठा ओसरल्या. पुढे १८१८ साली राज्य गेले, आणि १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. रमण्याच्या दारांतून वाटल्या जाणाऱ्या पैशाची वाट शाळेकडे व पुढे ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळली. श्रावणातली दाटी संपली, आणि ती संपल्याचे दुःख त्या वेळच्या पुणेकरास झाले. आजच्या पुणेकरास हे पटणे कठीण, कारण पाहुण्याने बेल किती वेळा वाजवावी हेसुद्धा तो पाटीवर लिहून ठेवतो.

गर्दीविषयी पाहुण्याने नाराज होणे, हा आपल्याकडे इंग्रजी अमलाबरोबर आलेला मनोधर्म आहे असे माझे मत बनत गेले आहे, आणि त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण महाबळेश्वरास सापडते. तेथे एकाच पठारावर, अवघ्या काही मैलांच्या अंतराने, दोन महाबळेश्वरे नांदतात. एक क्षेत्र महाबळेश्वर, जेथे पंचगंगेच्या देवळात कृष्णा उगम पावते आणि जेथे बारा वर्षांनी गुरू कन्या राशीस गेला म्हणजे कन्यागताचा मेळा भरतो. दुसरे माल्कमपेठ, जे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८२८-२९ च्या सुमारास, साहेबलोकांच्या प्रकृतीसाठी वसविण्यात आले. क्षेत्रात येणारा कुंडाशी येतो, पाण्यात पाय घालतो, हाताला हात लागल्याशिवाय त्याची यात्रा घडत नाही. माल्कमपेठेत येणारा कड्याशी येतो आणि दूर पाहतो. त्या कड्यांस एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, आर्थर अशी साहेबांची नावे मिळाली आणि मराठीत 'पॉइंट' हा शब्द रुळला. पॉइंट म्हणजे बिंदू, आणि बिंदूला लांबी-रुंदी नसते हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यावर एकाच माणसास उभे राहता येते. दुसरा आला की पहिल्याच्या दृश्यात तो अडथळा ठरतो. देवाच्या दर्शनास हजार डोळे लागले तरी देव कमी होत नाही, दृश्य मात्र वाटून घेता घेता झिजते, अशी ती कल्पना. दोन्हीकडे माणूस डोंगर चढूनच जातो, दोन्हीकडे डोळ्यांचे पारणे फेडावयाचे असते, आणि तरी एक जण शेजाऱ्यास सोबती समजतो व दुसरा त्यास घुसखोर समजतो. 'यात्रेकरू' आणि 'पर्यटक' या दोन शब्दांतला भेद मी तरी याहून नेमका सांगू शकणार नाही. फक्त एवढेच म्हणतो की ही दोन माणसे नसून बहुतेक वेळा एकाच माणसाचे दोन प्रहर असतात. सकाळी रांजणगावी यात्रेकरू असलेले माझे मावसभाऊ दुपारी केसनंद फाट्यावर पर्यटक झाले होते.

वाघोलीच्या रस्त्याचे नशीब मध्यंतरी पालटले होते. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी १८५८ साली आली, १८६३ मध्ये बोरघाट सर झाला, आणि पुढे १८७८ च्या सुमारास दौंडहून मनमाडकडे लोहमार्ग निघाला तो नगरवरून गेला. पुण्याहून नगरास जाणारा माल आणि माणूस दौंडच्या वळशाने का होईना पण रुळांवरून जाऊ लागले, आणि ज्या सडकेवरून फौजा, भिक्षुक, लमाणांचे तांडे व उंटांच्या काफिल्यांनी धुळीचा डोंब उठविला होता ती बैलगाड्यांची, बाजारहाटाची, आपापसातली सडक झाली. सत्तर वर्षे तिने विश्रांती घेतली. मग १ जून १९४८ या दिवशी सरकारी एस. टी. ची पहिली गाडी पुणे आणि नगर यांच्या दरम्यान धावली, आणि महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांस जोडणाऱ्या त्या अवाढव्य कारभाराचा आरंभ वाघोलीच्या दारावरून झाला, याचा उल्लेख गावातले जुने लोक अजून अभिमानाने करतात. यष्टीने आपल्याला गर्दीची एक निराळीच रीत शिकविली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणे, तिघांच्या बाकावर चौथ्यास 'जरा सरका' म्हणून बसविणे, उभ्या उतारूची पिशवी बसलेल्याने आपण होऊन मांडीवर घेणे, हे सर्व अलिखित कायदे या लाल गाडीत घडले. त्यात रेटारेटी होती, भांडणे होती, परंतु पिशवी मांडीवर घेतल्यावर भांडण फार वेळ टिकत नसे.

१९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ निघाले आणि १९७९ साली 'अष्टविनायक' हा चित्रपट आला. आठ गणपतींची जी यात्रा पूर्वी सवडीने, एकेका चतुर्थीला घडे, ती दोन दिवसांच्या बसफेरीत बसविण्याची चढाओढ सुरू झाली. रांजणगाव याच रस्त्यावर, आणि थेऊरला जाणारा फाटाही याच रस्त्याला फुटतो. सारांश, वाघोली आठांतल्या दोहोंच्या वाटेवर आली. येथे एक सूक्ष्म बदल घडला. ज्याच्याजवळ आठवडा आहे त्यास रांग मोठी वाटत नाही. ज्यास सायंकाळपर्यंत अजून तीन गणपती करावयाचे आहेत त्यास पुढची दहा माणसेही शत्रुपक्षाची वाटतात. गर्दी माणसांच्या संख्येने मोजीत नाहीत, घड्याळाने मोजतात, हे त्या दोन दिवसांच्या फेरीने आपल्याला शिकविले.

विद्वानांनी या विषयास हात घातला तोही याच दशकात. डॅनियल स्टोकोल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली असे मांडले की दाटपणा हा जागेचा व संख्येचा हिशेब आहे, गर्दी ही मनाला येणारी प्रतीती आहे, आणि दोहोंस एक मानणे ही चूक होय. १९७७ मध्ये हेबरलाइन आणि वॅस्की या संशोधकांनी विस्कॉन्सिन प्रांतातल्या एका नदीवर होडी वल्हविणारे, हवा भरलेल्या नळ्यांवर तरंगत जाणारे आणि गळ टाकून बसलेले अशा तिन्ही प्रकारच्या लोकांस विचारले की तुम्हांस येथे कितपत गर्दी वाटली, एक ते नऊ यांतला आकडा सांगा. पुढे तीच नऊ पायऱ्यांची मोजपट्टी घेऊन पर्यटनशास्त्री जगभर फिरले. इटलीतल्या व्हेनिसने तर २५ एप्रिल २०२४ पासून एका दिवसासाठी येणाऱ्या पाहुण्यांवर ठराविक दिवशी पाच युरोंची पट्टी बसविली, आणि जगभर त्याचा गवगवा झाला. पंढरपुरासारख्या क्षेत्री नगरपालिका यात्रेकरूंकडून यात्राकर घेत असत, ही गोष्ट ज्यांस ठाऊक आहे त्यांस त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. मला त्या नऊ पायऱ्यांविषयी आदर आहे. तथापि आषाढीसाठी आळंदीहून निघालेल्या सोहळ्यात एखाद्या वारकऱ्यास थांबवून 'माऊली, एक ते नऊ यांतला आकडा सांगा' असे विचारले तर तो काय सांगेल, याची कल्पना करून मी पुष्कळदा हसलो आहे.

कारण वारी ही दाटीची कला आहे, आणि ती आपोआप साधलेली नाही. शिंद्यांच्या पदरी राहिलेले हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्यास जी शिस्त लावली, ती लष्करी मनाने लावली. दिंड्यांस क्रमांक आहेत. काही रथापुढे, काही रथामागे. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे येतात. कोण कोठे चालणार, कोण कोठे उतरणार, याचे मान ठरलेले आहेत. संध्याकाळी तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार आपला दंड वर उचलतो आणि लाखांचा टाळ-मृदंग एका क्षणात थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, तोड काढतो, आणि मग आरती होते. एवढ्या समुदायात एकाच टाळाचा आवाज ऐकू येण्याची सोय ज्या व्यवस्थेने केली आहे, तिच्यात चालणाऱ्यास आपण गर्दीत हरवलो असे वाटत नाही, कारण तेथे त्यास दिंडी आहे, दिंडीत जागा आहे, आणि जागेला शेजार आहे. इरावती कर्वे यांनी वारीतल्या आपल्या वाटचालीवर लिहिताना, ज्याचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशा अर्थाची व्याख्या केली. पण त्याच लेखात बरोबर चालणाऱ्या दिंड्यांत जातींचे अंतर कसे टिकून होते हेही त्यांनी नजरेआड केले नाही. दाटी आणि जवळीक एकच नव्हेत, हे त्या विदुषीने वारीत चालून पाहिले होते.

येथे मला थोडे थांबणे भाग आहे, कारण भाविक माणसास गर्दी जाचत नाही एवढे म्हणून हा विषय गोड करणे अप्रामाणिकपणाचे होईल. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेस, वाईजवळच्या मांढरदेवी येथे काळूबाईच्या यात्रेत पावणेतीनशेहून अधिक माणसे चेंगरून व होरपळून मेली. अरुंद चढती वाट, दोहों बाजूंस दुकानांची दाटी, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या. पुढचे पडले आणि मागच्यांस ते कळले नाही. न्यायमूर्ती कोचर यांच्या आयोगाने नंतर त्याची चौकशी केली. त्यापूर्वी सुमारे दीडच वर्ष, ऑगस्ट २००३ मध्ये, नाशिकच्या सिंहस्थात एकोणचाळीस जणांचे प्राण असेच गेले होते. या माणसांस मरणाच्या पाच मिनिटे आधी विचारले असते तर त्यांतल्या बहुतेकांनी आपण आनंदात आहोत असेच सांगितले असते. पाहुण्याला गर्दी वाटते की नाही यावरून गर्दी धोक्याची आहे की नाही हे कळत नाही. रमण्याच्या दारांशी बसलेल्या कारकुनांस आणि दंड उचलणाऱ्या चोपदारास जे कळत होते ते त्या निसरड्या पायऱ्यांवर कोणाच्या हाती नव्हते, आणि 'गर्दीस मिळणे' हा शब्दप्रयोग त्या दिवशी आपल्या जुन्या, बखरीतल्या अर्थाने खरा झाला.

वाघोलीपासून पुढे काही कोसांवर भीमेच्या काठी पेरणे फाट्याशी कोरेगावचा विजयस्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचे हे स्मारक कंपनी सरकारने आपल्या पराक्रमाची खूण म्हणून उभारले. त्यावर कोरलेल्या नावांत महार सैनिकांची नावे आहेत, आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेल्यानंतर त्या स्तंभाचा अर्थ कंपनी सरकारच्या हातून सुटून दुसऱ्यांचा झाला. आज वर्षारंभी तेथे लाखोंचा समुदाय लोटतो. आदल्या रात्रीपासून लोक येऊ लागतात, थंडीत उभे राहतात, मानवंदना देतात, आणि परतताना पुस्तकांच्या दुकानांतून पिशव्या भरून ग्रंथ नेतात. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कोणत्याही यात्रेत प्रसादाऐवजी पुस्तके इतक्या प्रमाणात घरी जाताना मी पाहिलेली नाहीत. १ जानेवारी २०१८ रोजी झालेल्या हिंसाचारानंतर बंदोबस्त वाढला, नगर रस्त्याची वाहतूक त्या दिवशी अन्य मार्गांनी वळवितात, ठिकठिकाणी वाहनतळ करून तेथून बसने लोकांस नेतात. आमच्या गृहसंकुलातले काही सज्जन त्या दिवशी रस्ता बंद म्हणून कुरकुरतात. परंतु ज्यांच्या पूर्वजांस चार माणसांत उभे राहण्याची मुभा नव्हती त्यांच्या मुलाबाळांस, लाखोंत खांद्याला खांदा लावून उभे राहणे ही अडचण वाटावी अशी अपेक्षा करणे मला तरी विचित्र वाटते. तेथे पाहुणा गर्दी असूनही जात नाही. ती व्हावी म्हणून जातो.

खुद्द वाघोलीस माणसे येत गेली ती केवळ वाटसरू म्हणून नव्हे. पुण्याच्या इमारतींस लागणारा काळा दगड येथल्या खाणींनी दिला, आणि तो फोडण्यासाठी दुष्काळी मुलखांतून कुटुंबेच्या कुटुंबे येथे उतरली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने लातूर-उस्मानाबादकडची शेकडो मुले शिक्षणासाठी याच गावी आणली, आणि गावाने त्यांस गर्दी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यानंतर खराडीची संगणक-नगरी उठली, उंच इमारती आल्या, आणि ३० जून २०२१ रोजी इतर बावीस गावांबरोबर वाघोली पुणे महानगरपालिकेत गेली. मौजे वाघोलीचा उपनगराशी असा पाट लागला. आणि मी ज्यास गर्दी म्हणतो तीत माझीही एक सदनिका आहे.

दादा त्या खेपेस आठवडाभर राहिले. पुढच्या सोमवारी, श्रावणी सोमवार म्हणून, त्यांनी वाघेश्वरास जाण्याचा हट्ट धरला. देवळात बरीच रांग होती. बेलाची पाने, दुधाचे तांबे, ओले उपरणे, मुलांची पळापळ, सर्व यथासांग. मी नळाशी पाय धुऊन येईपर्यंत दादा रांगेत उभे राहिले होते, आणि मी पाहिले तो मागून आलेले एक नवे जोडपे, नेसण्या-बोलण्यावरून परप्रांतीय, त्यांस मोडक्या मराठीत विचारीत होते की रांग येथूनच आहे का. दादांनी थोडे पुढे सरकून त्यांस जागा करून दिली. "या, या, इथंच उभं राहा," ते म्हणाले, "सोमवारी आमच्याकडे एवढी असायचीच."